डाव्या हाताला तारापूर

नोव्हेंबर २००८ च्या शेवटच्या आठवड्यात 'कुबेर' नावाची मासेमारी बोट गुजरातच्या समुद्रातून दक्षिणेकडे निघाली होती. बोटीवर दहा हत्यारबंद तरुण होते आणि त्यांनी जिवंत ठेवलेला, बोट हाकणारा एकटा तांडेल. कच्छच्या बाजूने मुंबई गाठायची तर डहाणू, तारापूर, सातपाटी, अर्नाळा डाव्या हाताला ठेवूनच खाली उतरावं लागतं. म्हणजे २३ ते २६ नोव्हेंबरच्या दरम्यान केव्हातरी ती बोट आमच्या समोरून गेली. आम्ही बोईसरकर तेव्हा पहिल्या पाळीला निघालो असू, नाहीतर गाढ झोपेत असू.

तारापूर म्हणजे देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. १९६९ साली इथून वीज सुरू झाली. पुढे आणखी दोन अणुभट्ट्या आल्या आणि चारही मिळून क्षमता १,४०० मेगावॉटवर गेली. शेजारी तारापूर एमआयडीसी, रसायनांचे कारखाने, टँकर, रात्री नाकाला झोंबणारा वास. 'युद्ध झालं तर पहिला बाँब आपल्यावर' हे वाक्य इथल्या प्रत्येक पोराने शाळेच्या वयात ऐकलेलं असतं. मग मरायलाच निघालेल्या त्या दहा जणांनी इथे सुकाणू का वळवलं नाही? ते सुमारे शंभर किलोमीटर पुढे गेले, कफ परेडच्या मच्छीमार नगरात उतरले आणि तिथून एक रेल्वे स्टेशन, एक कॅफे, दोन हॉटेलं, ज्यू कुटुंबाचं एक प्रार्थनाघर इथे विखुरले. १६६ माणसं मेली. त्यातली ५८ एकट्या सीएसटीवर.

हा प्रश्न माझ्या डोक्यातून अनेक वर्षं गेला नाही. उत्तर शोधताना मी धर्म, द्वेष, वेड अशा मोठ्या शब्दांकडे आधी गेलो. पण मला जे कळलं ते आकड्यांनी सांगितलं, आणि त्यातले काही आकडे वाचून मी रात्री उठून बसलो आहे.

पहिला आकडा ९९५ चा. भारताने पाकिस्तानला दिलेल्या दस्तऐवजात हल्लेखोर आणि कराचीतले त्यांचे सूत्रधार यांच्यातल्या फोनचा हिशेब आहे. ताजमधून ४१ कॉल, ८,८३४ सेकंद. ओबेरॉयमधून ६२ कॉल, १५,७०५ सेकंद. त्या प्रार्थनाघरातून, म्हणजे नरिमन हाउसमधून, १८१ कॉल, ३५,१७२ सेकंद. एकूण २८४ कॉल, ९९५ मिनिटं. सोळा तास पस्तीस मिनिटं! नरिमन हाउसमध्ये तर दोघेच होते आणि ते जवळपास दोन दिवस तग धरून राहिले. त्यात पावणेदहा तास फोन चालू. दर पाच तासांतला एक तास त्यांच्या कानाशी दूरच्या एका खोलीत बसलेल्या माणसाचा आवाज होता. टीव्हीवर काय दिसतंय ते तो सांगत होता. आग लावा म्हणत होता, कारण आग कॅमेऱ्याला दिसते. जिवंत हाती लागू नका म्हणत होता.

मरायला तयार झालेल्या माणसाला इतकं का बोलावं लागतं? निश्चय पक्का असता तर एक कॉल पुरला असता, किंवा तोही लागला नसता. मला या ९९५ मिनिटांत निश्चय दिसत नाही. तो डगमगू नये म्हणून बाहेरून सतत दिलेला टेकू दिसतो.

दुसरा आकडा तीनचा आहे आणि तो आपल्याला मिळाला तुकाराम ओंबळे यांच्यामुळे. सातारा जिल्ह्यातल्या केडंब्याचे, मुंबई पोलिसांतले सहायक उपनिरीक्षक. गिरगाव चौपाटीवर त्यांच्या हातात फक्त काठी होती. त्यांनी हल्लेखोर कसाबच्या रायफलची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण नळी सोडली नाही. दहातला एक जिवंत सापडला तो त्यामुळेच. नाहीतर मेलेल्या हल्लेखोरांबद्दल आपल्याला नेहमी तेवढंच कळतं, जेवढं त्यांना पाठवणाऱ्यांनी सांगायचं ठरवलेलं असतं. इथे मात्र आतला हिशेब हाती आला.

कसाबने पुढे आपला कबुलीजबाब फिरवला, तरी न्यायालयाने तो ग्राह्य धरला. त्यातली बेरीज-वजाबाकी अशी: प्रशिक्षणाला ३२ पोरं. त्यातून १६ जणांची खास मोहिमेसाठी निवड. १६ पैकी तिघे छावणीतून पळून गेले. उरले १३. त्यातले सहा काश्मीरकडे पाठवले, बाहेरून तीन नवे आणले, झाले दहा. ही निवड तर आधीच गाळून घेतलेल्यांची होती. महिनोन्‌महिने उपदेश ऐकलेले, घरापासून तोडलेले, बंदूक चालवायला शिकलेले. तरीही सोळातले तीन, म्हणजे जवळपास पाचांतला एक, संधी मिळताच निसटला. त्या तिघांची नावं कोणी लक्षात ठेवली नाहीत. पण माणसाच्या मनाबद्दल ते तिघे जे सांगून जातात ते बाकीच्या तेरांपेक्षा कमी मोलाचं नाही.

आणि कसाब स्वतः कसा आला? ओकारा जिल्ह्यातल्या फरीदकोटचा, शाळा अर्धवट सुटलेला, मजुरी करणारा, बापाशी भांडून घर सोडलेला. चोऱ्या करायचा बेत होता, त्यासाठी हत्यार हवं होतं, आणि हत्यार चालवायला शिकवणारी माणसं त्याला रावळपिंडीत सापडली. याला आपण श्रद्धा म्हणणार का? मी म्हणणार नाही. श्रद्धा नंतर घातली गेली. आधी रिकामा हात होता.

पण याच्यावरून गरिबी हेच कारण असं म्हणावं तर ११ सप्टेंबर २००१ च्या १९ जणांचा म्होरक्या मोहम्मद अत्ता हा हॅम्बर्गमध्ये नगररचना शिकलेला. त्या दिवशी २,९७७ माणसं मारली गेली. मे २०१४ मध्ये कल्याणहून यात्रेच्या निमित्ताने चार तरुण इराकला गेले आणि तिथून इसिसकडे वळले. ते शिकलेले होते, आणि मुख्य म्हणजे चौघे एकमेकांचे दोस्त होते. एक त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परत आला. मार्क सेजमन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने २००४ साली १७२ जिहादी दहशतवाद्यांचा मागोवा घेतला, तेव्हा त्याला दिसलं की दोन तृतीयांशांहून जास्त लोक मैत्रीच्या धाग्याने आत ओढले गेले आणि आणखी पाचांतला एक नात्यागोत्यामुळे. आपल्याकडे आया म्हणतात ना, पोरगा कोणाबरोबर बसतो-उठतो ते बघ. अभ्यासकाची १७२ माणसं मोजून झाल्यावर तेच बाहेर आलं.

धर्माचं काय? शिकागो विद्यापीठातले रॉबर्ट पेप यांनी १९८० ते २००३ पर्यंतचे जगभरातले आत्मघाती हल्ले मोजले. ३१५ हल्ले, ४६२ हल्लेखोर. सगळ्यात जास्त, ७६ हल्ले, तमिळ वाघांचे. ही संघटना देव-धर्माच्या नावाने लढत नव्हती. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींच्या पाया पडायला वाकलेली तरुणी त्यांचीच. त्याआधी १९४४-४५ मध्ये जपानचे सुमारे ३,८०० वैमानिक अशाच मोहिमांत मेले आणि बहुतेकांचं विमान जहाजापर्यंत पोचलंच नाही. पेप यांचं म्हणणं असं की मूळ कारण परकी सैन्याचा ताबा. यावर पुष्कळ वाद झाला. जिथे हल्ले झाले तेवढ्याच जागा मोजल्या, जिथे ताबा असूनही हल्ले झाले नाहीत त्या मोजल्या नाहीत, हा आक्षेप मला पटतो. पण त्यांच्या मोजणीतला एक आकडा वादापलीकडे टिकून आहे: ३१५ पैकी ३०१ हल्ले कुठल्या ना कुठल्या संघटनेच्या मोहिमेचा भाग होते. एकट्याने उठून केलेले फक्त १४.

आता ही संख्या डोळ्यांसमोर आणा. चोवीस वर्षांत साऱ्या पृथ्वीवरून ४६२ माणसं. डहाणू लोकलच्या बारा डब्यांपैकी पाच-सहा डब्यांत सगळी बसून जातील, कोणाला उभं राहायची पाळी येणार नाही. त्या काळातल्या एकूण दहशतवादी घटनांमध्ये आत्मघाती हल्ले फक्त ३ टक्के, पण ११ सप्टेंबर वगळूनही मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा ४८ टक्के. पाठवणारे हे हत्यार का वापरतात ते या दोन आकड्यांतच आहे. आणि मग हत्यार पसरलं. ऐंशीच्या दशकात वर्षाला तीनेक हल्ले. नव्वदच्या दशकात महिन्याला एक. २००१ नंतर आठवड्याला एकाच्या आसपास. इराक युद्धापासून दिवसाला एक. १९८१ पासून सप्टेंबर २०१५ पर्यंत ४,८१४ हल्ले, चाळीसहून जास्त देश, ४५ हजारांवर मृत्यू. त्यातले बहुतेक बळी इराक, अफगाणिस्तान, पाकिस्तानातले, बाजारात भाजी घेणारे, मशिदीत नमाज पढणारे मुसलमान.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवायला मन धजत नाही, पण ठेवतो. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. मुंबईच्या लोकलच्या रुळांवर दरवर्षी दोन हजारांवर जातात. आमच्या पालघर-विरार पट्ट्यात असं घर नसलेली आळी सापडणार नाही. या मृत्यूंनी आपण थबकत नाही. दहा माणसांनी जवळपास १२० कोटींचा देश साठ तास टीव्हीसमोर खिळवून ठेवला. दर बारा कोटींमागे एक माणूस. हल्ल्याचा खरा निशाणा ते साठ तास होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालपत्रात वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरेही ओढले.

इथे मला माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिसायला लागतं. मुंबईतल्या जागा त्या दहा जणांनी निवडल्याच नव्हत्या. त्या निवडीसाठी पाहणी करण्याचं काम डेव्हिड हेडली करत होता. मूळचा दाऊद गिलानी, अमेरिकी पासपोर्टवर २००६ ते २००८ या काळात पुन्हा पुन्हा मुंबईत येऊन राहिलेला. कॅमेरा घेऊन तो ताजमध्ये फिरला, बोटीतून किनारा न्याहाळला, कुठे उतरायचं ती जागा जीपीएसमध्ये टिपली. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचंही चित्रण त्याने केलं होतं. म्हणजे अणूची जागा यादीबाहेर नव्हती. सिद्धिविनायकापाशी त्याने लाल-पिवळे धागे विकत घेतले, हल्लेखोरांच्या मनगटाला बांधण्यासाठी, म्हणजे ते हिंदू वाटतील. भाविकाने घरच्यांसाठी घ्यावा तसा तो धागा. हा तपशील मला बंदुकांपेक्षा जास्त छळतो. न्यायालयासमोर त्याने सांगितलं की सप्टेंबर आणि ऑक्टोबर २००८ मध्ये दोन प्रयत्न फसले होते, एकदा तर बोट खडकावर आपटली होती. तिसऱ्या खेपेला त्यांनी मुंबई गाठली.

यादीत एका बाजूला जाडजूड काँक्रीट, सीआयएसएफचा पहारा आणि फसण्याची दाट शक्यता. दुसऱ्या बाजूला उघडं फाटक, गर्दी आणि कॅमेरे. फसलेला हल्ला पाठवणाऱ्याला परवडत नाही. एफ्राइम बेनमेलेक आणि क्लोद बेरेबी या दोघा अर्थतज्ज्ञांनी २००७ साली पॅलेस्टिनी हल्लेखोरांचा अभ्यास मांडला. वयाने मोठ्या आणि जास्त शिकलेल्या हल्लेखोरांना महत्त्वाची, दाट वस्तीची ठिकाणं दिली जात, आणि ते कमी वेळा फसत. कारखान्यात कुठल्या मशीनवर कोणता कामगार उभा करायचा हे सुपरवायझर ठरवतो, तसं कोणीतरी बसून ठरवतं की कुठला जीव कुठे खर्चायचा.

गर्दीचं मोजमाप आम्हा पश्चिम रेल्वेवाल्यांना वेगळं सांगायला नको. उभ्या प्रवाशांची संख्या एका चौरस मीटरला १४ ते १६ वर गेली की रेल्वे तिला 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणते. एका सतरंजीच्या तुकड्यावर पंधरा माणसं. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी ६ वाजून २४ मिनिटांपासून अकरा मिनिटांत याच लाइनवर सात स्फोट झाले, सगळे उत्तरेकडे येणाऱ्या गाड्यांच्या फर्स्ट क्लासमध्ये. १८० हून जास्त माणसं घरी आली नाहीत. तिथे बाँब ठेवणारे मेले नव्हते, ठेवून निघून गेले होते. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने बाराही आरोपींना निर्दोष ठरवलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पण जागेची निवड तीच होती: संध्याकाळची वेळ, घरी निघालेली दाटी.

ज्यांना निवड करता येते आणि ज्यांना येत नाही, यातलं अंतर किती असू शकतं ते युनिसेफच्या २०१७ च्या अहवालात आहे. बोको हराम या अतिरेकी संघटनेच्या टापूत, नायजेरिया आणि शेजारच्या तीन देशांत, बाजारात आणि गर्दीत स्फोट घडवण्यासाठी वापरलेली मुलं: २०१४ मध्ये ४, २०१५ मध्ये ५६, २०१६ मध्ये ३० आणि २०१७ च्या पहिल्या तीन महिन्यांत २७. एकूण ११७. बहुतेक मुली. या पोरींच्या 'प्रेरणे'बद्दल लिहायला कोणीही धजू नये. त्यांचं अपहरण झालं होतं. अंगावर काय बांधलंय हे काहींना ठाऊकही नव्हतं.

मोठ्यांच्या बाबतीत दोरखंड वेगळा असतो, तो दिसत नाही. पॅलेस्टिनी संघटनांनी एक पद्धत रुळवली होती: निघण्याआधी कॅमेऱ्यासमोर निरोपाचं बोलणं रेकॉर्ड करायचं. त्या क्षणापासून तो पोरगा आपल्या लोकांत 'जिवंत हुतात्मा' ठरतो. आता माघार घेतली तर आईबापाला तोंड कसं दाखवणार? पुलवामातही हेच झालं. १४ फेब्रुवारी २०१९, ७८ गाड्यांचा ताफा, अडीच हजारांवर जवान, ४० मृत्यू, त्यातले दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले. गाडी घेऊन धडकणारा विशीतला पोरगा संपला, आणि त्याचा आधीच करून ठेवलेला व्हिडिओ काही वेळात फिरायला लागला. पुढे एनआयएने जे आरोपपत्र ठेवलं त्यात १९ नावं होती.

मराठी माणसाला 'दोर कापले' म्हटलं की सिंहगड आठवतो. तानाजी पडल्यावर मावळे मागे वळले, तेव्हा सूर्याजीने दोर कापल्याचं सांगितलं आणि तो स्वतः त्याच गडावर, त्याच सैन्यापुढे उभा राहून लढला. कराचीच्या खोलीतून दोर कापणाऱ्याला गड चढायचाच नव्हता. त्या खोलीत आपल्या बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा एक तरुण, जबीउद्दीन अन्सारी, बसला होता आणि त्यानेच हल्लेखोरांना हिंदी शिकवलं, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. २०१२ साली सौदीतून त्याला भारतात आणलं गेलं, आणि औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात २०१६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. हेडली अमेरिकेत ३५ वर्षांची शिक्षा भोगतो आहे. जे बोलत होते, टिपत होते, निवडत होते, ते जगले.

मेलेल्या नऊ जणांचं काय झालं? मुंबईतल्या मुस्लिम संस्थांनी त्यांना आपल्या कबरस्तानात जागा द्यायला ठाम नकार दिला. पाकिस्तानने प्रेतं मागितली नाहीत. ९९५ मिनिटं स्वर्गाबद्दल बोलणाऱ्यांपैकी कोणी पुढे आलं नाही. नऊ प्रेतं वर्षाहून जास्त काळ जेजेच्या शवागारात पडून होती. जानेवारी २०१० मध्ये ती गुपचूप कुठेतरी पुरली, आणि हे सरकारने एप्रिलमध्ये सांगितलं.

मरणाला तयार असणं ही गोष्ट पालघरला परकी नाही. १४ ऑगस्ट १९४२ ला इथल्या कचेरीवर मोर्चा चालून गेला, गोळीबार झाला, आणि पाच जण पडले: सातपाटीचे पागधरे, नांदगावचे ठाकूर, पालघरचे तिवारी, मुरब्याचे चुरी, सालवडचे मोरे. हातात झेंडा होता. शेजारी होते ते त्यांच्याच गावचे लोक, आणि चला म्हणणारे त्याच गर्दीत पुढे चालत होते. पाचही नावं इथली पोरं शाळेत शिकतात, आणि दर १४ ऑगस्टला हुतात्मा स्तंभापाशी गाव जमतं.

मध्यंतरी सातपाटीला बंदरावर गेलो होतो. पापलेटचा हंगाम होता, जेटीवर बर्फाच्या लाद्या फोडणं चाललं होतं. एका तांडेलदादांना विचारलं, आता समुद्रात काय काय दाखवावं लागतं? त्यांनी बोटीच्या केबिनमधून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली खलाशांची ओळखपत्रं, रबर लावून, प्रत्येकाचा फोटो आणि अंगठ्याची नोंद. खाऱ्या हवेने एका कार्डाचा कोपरा सुटला होता. त्यांनी तो बोटाने दाबून बसवला.

"सव्वीस-अकरानंतरची ही कार्डं," ते म्हणाले. "सागर कवचाच्या वेळेस पोलीस खोटे अतिरेकी होऊन येतात, आम्ही बघायचं कोण नवखं दिसतंय. बघतो ना. आमच्यातलेच गेले की पहिले."

ते खरं आहे. त्या हल्ल्यात सगळ्यांत आधी मारले गेले ते 'कुबेर'वरचे पाच जण. चौघांना समुद्रात टाकलं. तांडेलाला मुंबई दिसेपर्यंत बोट हाकायला लावली आणि मग त्याचा गळा चिरला. चौघांची प्रेतं कधी सापडली नाहीत, आणि प्रेत नाही म्हणून मृत्यूचा कागद नाही, कागद नाही म्हणून मदत नाही, असं त्यांच्या घरच्यांना बरीच वर्षं ऐकावं लागलं.

भरती लागली तशी दादांनी डबा बंद केला. पोरं एकेक करून बोटीवर चढत होती. दादा बोटाने मोजत होते. मध्येच कोणीतरी पाण्याचा कॅन आणायला परत उडी मारली, तशी त्यांनी मोजणी थांबवली आणि तो आल्यावर पुन्हा एकपासून सुरू केली.